रायफलच्या बोल्टचं हँडल तुटलं? कुठे न्यायची, कोणते कागद, किती खर्च

बोल्ट ॲक्शन रायफलचं हँडल तुटलं, वाकलं किंवा ढिलं झालं, तर बीड जिल्ह्यातल्या परवानाधारकाने काय करायचं? थोडक्यात उत्तर असं. रायफल वेल्डरकडे न्यायची नाही. शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच न्यायची. शक्यतो स्वतः न्यायची, मूळ परवान्यासह. लेखी अंदाजपत्रक मिळाल्याशिवाय काम सांगायचं नाही. रायफलचा नंबर लिहिलेली पावती हातात पडल्याशिवाय दुकान सोडायचं नाही.

बीडमध्ये ही काळजी जास्तच घ्यायला हवी. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. रायफल कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि कशासाठी, हे तुम्हाला कागदावर दाखवता आलं पाहिजे. दुरुस्तीसाठी घराबाहेर गेलेल्या रायफलबाबत तर हे आणखी गरजेचं.

आधी बघा: दोष खरंच हँडलचा आहे का?

बोल्ट जड चालतो म्हणून अनेक जण हँडलवर हातोडी किंवा लाकडी ठोकळा मारतात, आणि हँडल तिथेच वाकतं. बोल्ट जड होण्याची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात: वाळून घट्ट झालेलं ग्रीस, गंज, चेंबरमध्ये साठलेली घाण किंवा खराब काडतूस. रिकाम्या रायफलमध्ये बोल्ट सहज फिरत असेल आणि काडतूस भरल्यावरच अडकत असेल, तर दोष हँडलचा नाही. अशा वेळी बहुधा साफसफाई आणि तपासणीवर काम भागतं. दुकानदाराने थेट "बोल्टच बदला" म्हटलं, तर कारण विचारा आणि लिहून घ्या.

एक इशारा महत्त्वाचा. हँडल तुटलं आहे, बोल्ट उघडत नाही आणि आत काडतूस असल्याची शंका आहे, अशी रायफल गाडीत टाकून निघू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, खटक्यापासून बोट लांब ठेवा, घरच्यांना खोलीबाहेर काढा. मग परवानाधारक दुरुस्ती दुकानाला आणि पोलीस ठाण्याला फोन करा. ठोकून किंवा पक्कडीने ओढून बोल्ट उघडायचा प्रयत्न करू नका.

काम तीन प्रकारचं, म्हणून खर्चही तीन प्रकारचा

पहिला प्रकार: हँडलच्या टोकाचा गोळा ढिला होणं किंवा निखळणं. काही रायफलींत हा गोळा आट्यांवर बसवलेला असतो. हे सगळ्यात स्वस्त काम, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी होणारं.

दुसरा प्रकार: वेगळं बसवलेलं हँडल. काही परदेशी रायफलींत हँडल स्क्रूने किंवा खाचेत बसवलेलं असतं. अमेरिकी रेमिंग्टन ७००मध्ये ते बोल्टला ब्रेझिंगने जोडलेलं असतं. सुटा भाग मिळाला किंवा जोड पुन्हा नीट करता आला, तर अख्खा बोल्ट बदलावा लागत नाही.

तिसरा प्रकार: हँडल आणि बोल्ट एकाच तुकड्यातून घडवलेले. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग रायफल ली-एनफिल्डच्या धर्तीवर बनलेली आहे. तिचं हँडल स्क्रू काढून सुटत नाही. जुन्या माउझर धर्तीच्या रायफलींचंही तसंच. इथे पर्याय दोनच: दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातल्या जाणकार कारागिराकडून वेल्डिंग, किंवा पूर्ण बोल्ट बदलणं.

तुमची रायफल कोणत्या प्रकारात बसते, हे फोन करण्याआधी बघून ठेवा. नळी आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करा, बोल्ट बाहेर काढा, स्वच्छ फडक्याने पुसा आणि हँडलच्या मुळाशी टॉर्च धरा. तिथे स्क्रू किंवा जोडाची रेघ दिसते का, बघा. ली-एनफिल्ड धर्तीच्या बोल्टवर हँडलच्या मागच्या बाजूला बहुधा नंबर ठोकलेला असतो, आणि तो रायफलच्या नंबराशी जुळायला हवा. हा नंबर आणि हँडल यांचे मोबाइलवर दोन-तीन स्पष्ट फोटो काढून ठेवा. वेल्डिंगनंतर घासकामात पहिला बळी याच नंबराचा जातो.

हे हलक्यात घेऊ नका. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ८ नुसार शस्त्रावरचा नंबर किंवा ओळखचिन्ह पुसणं, बदलणं गुन्हा आहे. बिनखुणेचं शस्त्र तुमच्याकडे सापडलं, तर ती खूण तुम्हीच पुसली असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. म्हणून कारागिराला आधीच सांगा, "नंबराच्या जागेला हात लावायचा नाही." हे वाक्य पावतीवरही लिहून घ्या.

कुठे जायचं?

शस्त्रांच्या दुकानाचा विक्रीचा परवाना आणि दुरुस्तीची परवानगी या दोन गोष्टी गृहीत धरून एक मानू नका. कलम ५ मध्ये विक्री आणि दुरुस्ती यांचा उल्लेख वेगवेगळा आहे. दुकानाच्या परवान्यावर 'दुरुस्ती' आहे का, ते स्वतः वाचा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अधिकृत दुकानांची चौकशी करता येते. गेवराई, माजलगाव, बीडकडच्या लोकांना छत्रपती संभाजीनगर सोयीचं. आष्टी, पाटोद्याला अहिल्यानगर जवळ. अंबाजोगाई, परळीला लातूर जवळ. मात्र जवळचं शहर निवडण्याआधी तिथे दुरुस्तीचा परवाना असलेलं दुकान आणि तुमच्या बनावटीचं काम करणारा कारागीर आहे, याची फोनवर खात्री करा. नसेल तर पुणे किंवा मुंबई.

फोनवर एवढं विचारा: दुरुस्तीचा परवाना आहे का? माझ्या बनावटीचं आणि बोअरचं काम करता का? बोल्टचा फोटो पाठवला तर अंदाज सांगाल का? काम दुकानातच होतं की बाहेर पाठवता? हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस अडून बसण्याची जागा यांच्यातलं अंतर, मोजायचे गेज आहेत का? रायफल ठेवून जावी लागेल का? "बाहेर पाठवतो" असं उत्तर आलं, तर तो 'बाहेरचा' परवानाधारक आहे का, ते विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं दुकान बघा.

कोणते कागद लागतात?

मूळ शस्त्र परवाना, मुदतीतला आणि यूआयएन नंबर असलेला. परवान्याच्या दोन छायाप्रती. आधार किंवा दुसरं ओळखपत्र. रायफल खरेदीची पावती असेल तर तिची प्रत. रायफलच्या नंबराचे फोटो. बस्स. शपथपत्र, नवा फोटो, चारित्र्य प्रमाणपत्र असलं काही दुरुस्तीसाठी लागत नाही; कोणी मागितलं तर कोणत्या नियमाने, ते लेखी मागा.

परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना नक्की वाचा. तिथे फक्त 'बीड जिल्हा' लिहिलं असेल, तर रायफल घेऊन संभाजीनगरला किंवा पुण्याला जाता येईल असं समजू नका. आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे गृह शाखेत अर्ज द्या: रायफलची बनावट, बोअर, नंबर, दुकानाचं नाव-पत्ता, जाण्यायेण्याच्या तारखा आणि कारण 'दुरुस्ती'. लेखी परवानगी घेऊनच निघा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.

परवान्याची मुदत दोन-तीन महिन्यांत संपत असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज आधी द्या आणि दुरुस्तीला मग जा. कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे, त्यामुळे तारीख सहज विसरते. मुदत संपलेल्या परवान्यावर रायफल बाळगणंच अडचणीचं. ती घेऊन प्रवास तर नकोच.

रायफल कोणी न्यायची आणि कधी?

तुम्ही स्वतः नेली तर उत्तम. वय झालं आहे, आजारी आहात, तर कायद्यात एक सोय आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. कलम ३ च्या परंतुकानुसार परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी शस्त्र नेऊ शकते. तोंडी निरोप चालत नाही. अधिकारपत्रात तुमचं नाव, परवाना क्रमांक, रायफलचा नंबर, नेणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, दुकानाचा पत्ता, तारीख, कारण आणि तुमची सही हवी. सोबत मूळ परवाना द्या आणि एक प्रत घरी ठेवा. तरीही आजच्या बीडमध्ये मुलाला किंवा पुतण्याला एकटं पाठवण्यापेक्षा तुम्ही गाडीत सोबत बसलेलं बरं.

निघण्याआधी मनाई आदेश बघा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७(१)(३) खालचे आदेश बीड जिल्ह्यात सण, जयंती, मोर्चे, आंदोलनं यांच्या तोंडावर वारंवार निघतात. हे आदेश बहुधा पंधरा दिवसांचे असतात आणि त्यात शस्त्र बाळगून फिरायला मनाई असते. सूट कोणाला, ते आदेशातच लिहिलेलं असतं. आदेश लागू असेल तर पोलीस ठाण्यात विचारा, नाहीतर तारीख पुढे ढकला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रं ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येतात. तेव्हा रायफल दुकानात असेल, तर दुकानाच्या पावतीची प्रत लगेच ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

नेताना रायफल रिकामी, बोल्ट काढून वेगळा, दोन्ही बंद कव्हरमध्ये, काडतुसं घरीच कुलपात. गर्दीची एसटी टाळा, स्वतःचं वाहन घ्या. वाटेत जेवायला थांबलात तर रायफल गाडीत एकटी सोडू नका. फक्त बोल्ट खिशात घालून न्यायचा विचारही करू नका. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच आहेत, आणि तसंही रायफल समोर नसेल तर कारागिराला बोल्ट बसवून तपासता येत नाही.

खर्च: बिलावर आणि बिलाबाहेर

हँडलच्या कामाला सरकारी दर नाही. दुकानागणिक आणि बनावटीगणिक आकडा बदलतो. म्हणून अंदाजपत्रक पाच ओळींत मागा: तपासणी, सुटा भाग, मजुरी, ब्लूइंग म्हणजे पोलादावर निळा-काळा थर चढवणं, हेडस्पेस तपासणी आणि चाचणी. सगळ्याचा मिळून एकच ठोक आकडा घेऊ नका.

त्यावर १८ टक्के जीएसटी. समजा, मजुरी २,००० आणि सुटा भाग १,५०० रुपये सांगितला. एकूण ३,५००, त्यावर कर ६३०, देणं ४,१३०. हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून दिले आहेत, दर म्हणून नाहीत. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक नसेल, तर कर मागायचा त्याला हक्क नाही. "बिल नको तर कर वाचतो" हे ऐकू नका. बिल हा तुमच्या रायफलचा पुरावा आहे. तो वाचवलेल्या करापेक्षा कितीतरी मोलाचा.

बिलाबाहेरचा सगळ्यात मोठा खर्च प्रवासाचा. रायफल ठेवून यावी लागली तर फेऱ्या दोन होतात. बीड ते छत्रपती संभाजीनगर जाऊन-येऊन साधारण २६० किलोमीटर. दोन फेऱ्या ५२०. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ३,६०० रुपयांच्या पुढे. पुण्याच्या दोन फेऱ्या साधारण ९६० किलोमीटर, म्हणजे पेट्रोलच ६,७०० च्या घरात. टोल आणि जेवण वेगळं. म्हणून आधी फोटो पाठवून, सुटा भाग दुकानात आला आहे याची खात्री करून मगच निघा. जे काम एका दिवसात होतं त्यासाठी सकाळी लवकर पोचा आणि थांबून करून घ्या.

तुम्ही बँकेत किंवा एटीएमच्या गाडीवर बंदूकधारी रक्षक असाल, तर रायफल दुकानात असलेले दिवस बिनपगारी जाऊ शकतात. एजन्सीला आधी लेखी कळवा आणि साप्ताहिक सुट्टी जोडून घ्या.

छुपे आकार असे येतात: काम केलं नाही तरी 'तपासणी फी', रायफल वेळेत नेली नाही म्हणून दिवसाला 'ठेवणावळ', हँडलसोबत न विचारता अख्ख्या रायफलचं पॉलिश, "स्प्रिंगही बदलली". न विचारता केलेल्या कामाचे पैसे द्यायला तुम्ही बांधील नाही, पण अंदाजपत्रक लेखी असेल तरच हे ठामपणे म्हणता येतं. आगाऊ रक्कम दिली तर तीही पावतीवर हवी. सरकारी कार्यालयाबाहेरचे एजंट अर्जासोबत ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो म्हणून सांगतात. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. ते पैसे देऊ नका.

किती दिवस लागतात?

गोळा बसवणं किंवा स्क्रूचं हँडल बदलणं, सुटा भाग हाताशी असेल तर काही तासांचं काम. वेल्डिंग, घासकाम आणि ब्लूइंगला काही दिवस धरा. पूर्ण बोल्ट बदलायचा तर सगळा भार सुटा भाग मिळण्यावर. ईशापूरचा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून कानपूर मुख्यालय असलेल्या 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या सरकारी कंपनीखाली आहे; भागासाठी दुकानामार्फत लेखी विचारणा करा. 'आठ दिवसांत' असं तोंडी ऐकून येऊ नका. तारीख पावतीवर घ्या.

या शॉर्टकटना नाही म्हणा

एमआयडीसीतला ओळखीचा वेल्डर. त्याचा हात कितीही चांगला असो, शस्त्र दुरुस्तीचा परवाना त्याच्याकडे नाही. परवान्याविना शस्त्र दुरुस्त करण्याला शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ नुसार किमान सात वर्षं कैद, कमाल जन्मठेप आहे. समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे की नाही, याची खात्री न करता ते त्याच्या हाती देणाऱ्यालाही कलम २९ लागतं. शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी तुम्ही त्या माणसाला आणि स्वतःला अडकवता. शिवाय गॅसच्या आचेने बोल्टच्या पोलादाचा कडकपणा उतरतो. गोळी सुटताना काडतुसामागचा सगळा दाब हा बोल्ट पेलतो, आणि तुमचा चेहरा त्याच्या मागे असतो.

ऑनलाइन परदेशी हँडल. परवान्याविना शस्त्राचा भाग आयात करता येत नाही. पैसे जातील, वर कस्टम्सची नोटीस येईल.

"जुना .३०३चा बोल्ट आहे, बसेल." .३०३ हा सामान्य परवान्यावर मिळणारा बोअर नाही. असा भाग कुठून आला, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. अशा दुकानातून रायफल उचला आणि निघा.

कुरिअरने रायफल किंवा बोल्ट पाठवणं. अजिबात नको.

रायफल परत घेताना

घाई करू नका, दुकानातच तपासा. रायफल आणि बोल्टवरचा नंबर तुमच्या जुन्या फोटोशी जुळवा. रिकामा बोल्ट दहा-बारा वेळा उघड-बंद करा: हँडल पूर्ण खाली बसतं का, कुठे घासतं का, सेफ्टी लागते का. वेल्डच्या जागी केसासारखी भेग दिसली तर रायफल घेऊ नका.

पूर्ण बोल्ट बदलला असेल तर हेडस्पेसची तपासणी तुमच्यासमोर करून घ्या. बंद बोल्टचा दर्शनी भाग आणि चेंबरमध्ये काडतूस अडून बसतं ती जागा यांच्यातलं अंतर गेजने मोजतात. ते जास्त असेल तर काडतुसाचं पितळ फाटून गरम वायू मागे येतो. तपासणी झाल्याचं बिलावर लिहून घ्या. नव्या बोल्टवर वेगळा नंबर असेल तर बिलाची प्रत आणि पत्र गृह शाखेत द्या, पोच घ्या. जुना बोल्ट भंगारात टाकू नका, दुकानात तसाच सोडूही नका. तो कोणाकडे राहिला, कोणत्या नोंदीने, हे बिलावर हवं.

फसवणूक झाली तर

काम खराब झालं, पैसे जास्त घेतले, रायफल अडवून ठेवली, तर आधी लेखी तक्रार दुकानाला द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरी दाद नाही मिळाली, तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे दुकान पुण्याचं असलं तरी तक्रार बीडमध्ये चालेल. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. नंबर पुसला गेला किंवा रायफल गायब झाली, तर मात्र ग्राहक आयोगाची वाट बघू नका. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

अंदाजपत्रक, पावती, बिल, अर्जाच्या पोच आणि नंबराचे फोटो एका फायलीत लावा आणि परवान्यासोबत ठेवा. पुढच्या नूतनीकरणाला किंवा अचानक झालेल्या तपासणीला रायफल दाखवताना बोल्टवरचं नवं काम अधिकाऱ्याच्या नजरेला पडणारच. तेव्हा ती फाइल पुढे करा.